शेजारचा साचा

“धोटा उलटा लावलाय,” लवू परब तिसऱ्यांदा म्हणाला.

चित्ररथाचे काम घेतलेले बाबुराव पेंटर ट्रकवर चढून थर्माकोलच्या गिरणीला शेवटचा करडा हात मारत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

“काका, लोक रस्त्यावरून बघणार. धोटा उलटा का सुलटा, कुणाच्या बापाला कळतंय?”

“मला कळतंय ना!” लवू इतक्या मोठ्याने बोलला की समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गुढी बांधणारी बाई दचकून खाली बघू लागली.

लवूला दोनच आवाज होते. एक हा, सगळ्या डिलाईल रोडला ऐकू जाणारा. दुसऱ्याला आवाज म्हणायचा की नाही हाच प्रश्न होता, कारण त्यात नुसते ओठ हलत. बावीस वर्षे तो साच्यांवर होता. साचा म्हणजे माग. साचाखात्यात सहाशे साचे एका वेळी धडधडत आणि प्रत्येक साच्यात तो होडीच्या आकाराचा लाकडी धोटा सुताची कांडी पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत असे. त्या गदारोळात आपल्या तोंडचा शब्द आपल्याच कानाला लागत नसे. मग साचेवाले आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसत. ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, घातलेल्या शिव्या, बांगड्याचा भाव, गावाहून आलेली तार, कुणाची बायको बाळंत झाली ती बातमी, सगळे बिनआवाजी. गिरणीने लवूचे कान खाल्ले, पण डोळे असे तयार केले की रस्त्यापलीकडची दोन माणसे काय कुजबुजतात ते तो बसल्या जागी सांगे. त्याची बायको लक्ष्मी म्हणे, “ह्येंच्यासमोर देवाक गाऱ्हाणा घालूची पण चोरी!”

चौदा वर्षे लवूच्या समोरच्या साच्यावर जे ओठ होते ते आनंदा तावड्याचे. दोघेही कणकवलीकडचे, एकाच वर्षी बदली कामगार म्हणून लागलेले, एकाच चाळीत, एकाच गॅलरीत तीन दारे सोडून राहणारे. आनंदाचा एक दात पुढे होता, म्हणून त्याचे बोलणे वाचायला सोपे, असे लवू त्याला चिडवायचा. त्या ओठांनी गेल्या तेवीस वर्षांत लवूशी एक शब्द काढला नव्हता.

कारण साऱ्या चाळीला ठाऊक होते. म्हणजे जी चाळ तेव्हा होती तिला. गिरण्यांच्या संपाच्या चौदाव्या महिन्याच्या अखेरीला लवू फुटला. त्याआधी चौदा महिने तो आनंदाच्या खांद्याला खांदा लावून मोर्चात होता, एकदा दोघे मिळून लॉकअपमध्येही बसून आले होते. गावचे तांदूळ संपले, वाणी नाही म्हणाला, तरी तो हलला नव्हता. मग एक दिवस तो दादरला हिंदू कॉलनीतून चालला असताना एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्याला लक्ष्मी दिसली. घरी ती देवळात जाते म्हणून सांगून जायची. इथे ती मोरीपाशी बसून दुसऱ्यांचे टोप घासत होती, आणि शेजारी वर्तमानपत्राच्या कागदात तीन शिळ्या पोळ्या बांधून ठेवलेल्या होत्या. संध्याकाळी त्या पोळ्या तव्यावर गरम करून तिने मुलींना वाढल्या, आणि मुली म्हणाल्या, आई, आज पोळ्या मस्त झाल्यात. लवू जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो कोंडीराम जॉबरकडे गेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या पोलीसगाडीत बसून गिरणीत शिरला.

संध्याकाळी दारात कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या. त्याचे त्याला फार वाटले नाही. गॅलरीत आनंदा उभा होता. लवूने ओठ हलवले. आनंदाने मान फिरवली आणि आत जाऊन कडी घातली. ती जी फिरली ती फिरलीच.

पुढे गिरणी कशीबशी सुरू झाली, तेव्हा बाहेर राहिलेल्यांना परत घेतले नाही. आनंदाने दादरच्या फुलबाजारात पाट्या वाहिल्या, मग एका गोडाऊनवर राखणदारी केली. लवूने आठ वर्षे आणखी साचे चालवले. त्याच्या समोरच्या साच्यावर कोण कोण येऊन गेले, पण एकाशीही त्याचे धड बोलणे जमले नाही. मग गिरणीच बंद पडली आणि आतले-बाहेरचे सगळे एका मापाचे झाले. फरक उरला तो एवढाच की आनंदाला चाळ मान देई. लग्नकार्यात पहिला नारळ त्याच्या हातात जाई. “शेवटपर्यंत झुकला नाय माणूस,” असे म्हातारे पोरांना सांगत. मग ते म्हातारेही एकेक करून गेले, आणि लवू काय होता हे सांगणारे कुणी उरले नाही.

बायकांनी मात्र अबोला पाळला नाही. लक्ष्मीची वाटी आनंदाच्या जाईबाईकडे जाई आणि जाईबाईची इकडे येई. आनंदाचा रक्तदाब किती, त्याला रात्री झोप लागते की नाही, सगळे लवूला कालवणाच्या वाटीबरोबर कळे. जाईबाईनेच होळीच्या आसपास सांगितले की खोली विकली, पाडवा झाला की सोमवारी दोघे कायमची गावी जाणार.

त्यानंतर आठ दिवसांनी मंडळाचा जयवंत लवूकडे आला. वय सत्तावीस, कपाळाला टिळा, खिशात दोन मोबाईल.

“काका, यावर्षी शोभायात्रेत आपल्या गल्लीचा चित्ररथ गिरणगावावर. एकदम ओरिजिनल पायजे. साच्यावर दोन रियल कामगार उभे करायचेत. एक आनंदाकाका, दुसरे तुम्ही. तुम्ही पण संपात होतात ना?”

“होतो,” लवू म्हणाला. चौदा महिने होता; खोटे काय त्यात.

“मग झालं तर! टेन्शन नाय घ्यायचं, फक्त उभं राहायचंय.”

“आनंदाला सांगितलंस मी आहे म्हणून?”

“सरप्राइज!” जयवंत म्हणाला. दोन जुन्या दोस्तांना एकत्र आणतोय अशीच त्याची समजूत होती.

लक्ष्मीला हे पटले नाही. “कित्याक जातात थंय? कोणी ओळखल्यान तर लाज जातली.”

“चार तास तो गाडीवरसून उतराक शकाचो नाय,” लवू म्हणाला. “घरात कडी घालता, थंय कडी खंयची?”

“आनि नाय बोललो तर?”

 लवूला फार काही नको होते. माफीबिफी या वयात कोण देतो आणि कोण घेतो. सोमवारी तो माणूस जाणार, पुन्हा दिसायचा नाही. त्याआधी त्याच्या तोंडून एकदा ‘लवू’ एवढे निघावे. शिवी देऊन म्हणाला तरी चालेल.

तर असा लवू पाडव्याच्या सकाळी, मंडळाने भाड्याने आणलेला निळा डगला घालून आणि डोक्याला भगवा फेटा बांधून ट्रकपाशी उभा होता. साचाखात्यात आयुष्यभर माणसे गंजीफ्राक आणि अर्ध्या चड्डीत घामाने निथळत होती, डगला कुणी बघितला होता! पण ते तो बोलला नाही. एका दिवसात बाबुरावांना किती शिकवायचे. धोटा मात्र त्याने स्वतः वर चढून सुलटा केला. बाबुरावांनी दोन साचे समोरासमोर बसवले होते. दोरी ओढली की धोटा या टोकाला, सोडली की त्या टोकाला. बाकी सगळे थर्माकोल.

आनंदा आला तो जाईबाईबरोबर. त्याने फेटा नाकारून आपली जुनी पांढरी टोपी घातली होती. ट्रकवर चढायला जयवंतने हात दिला, आनंदाने मान वर केली आणि समोर लवू दिसला. क्षणभर तो तसाच एक पाय वर, एक पाय खाली राहिला. खाली गल्ली भरून माणसे, नऊवारीतल्या मुली, लेझीम, मोटारसायकलींवर बसलेल्या बायका. मागे फिरणे शक्य नव्हते. तो चढला, आपल्या साच्यापाशी गेला आणि त्याने दोरी हातात घेतली.

मग मागे साठ ढोल आणि वीस ताशे एकदम सुरू झाले.

लोकांनी कानांवर हात ठेवले. लवूला मात्र कितीतरी वर्षांनी बरे वाटले. अंगातून तीच धडधड, पायाखालच्या फळ्यांना तोच कंप. चिंचपोकळीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा त्याने समोर बघत ओठ हलवले.

“आनंदा.”

आनंदाने नजर बाजूला नेली. ओठांच्या बोलण्यात न ऐकणे फार सोपे असते. कानाला झाकण नाही, डोळ्याला आहे. पुलाच्या चढावर लवूने तीनदा हाक मारली, उतारावर दोनदा. लालबागला वरून फुले पडली, कुणी दोघांनाही ओवाळले. आनंदा नमस्कार करत होता, दोरी ओढत होता, सगळीकडे बघत होता, एक लवू सोडून. दहा वाजले, अकरा वाजले. लवूच्या फेट्यातून घाम डोळ्यांत उतरू लागला. लक्ष्मी फुटपाथवरून गाडीच्या बरोबरीने चालत होती आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे बघायचे टाळले.

गिरणीच्या जुन्या गेटासमोर गाडी थांबली. हे जयवंतने ठरवलेले होते. गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर होता, पण गेटाचे दोन दगडी खांब शोभेला ठेवले होते. इथे पाच मिनिटे ढोलांचा मोठा खेळ होणार, मग आनंदाकाकांचा सत्कार आणि दोन शब्द. पथकाने ट्रकला घेरून कडे केले आणि वादनाने असा जोर धरला की ट्रकच्या फळ्या नाचू लागल्या.

आनंदा गेटाकडे बघत होता. बघता बघता तो वळला आणि त्याने थेट लवूच्या डोळ्यांत बघितले. पुढचा दात अजून तिथेच होता.

“हयच उभो होतंय मी.”

लवूच्या हातातली दोरी सुटली. “ठावक आसा माका,” तो म्हणाला. आवाज कुणाच्याच तोंडातून येत नव्हता.

“तुझी गाडी आत जाय होती. मी तुका बोललंय.”

“काय बोललंस?”

“तुका ठावक नाय?” आनंदाने हात गेटाकडे केला. “कोंडीरामाक सांग म्हटलंय. आनंदा पण येता म्हणान सांग. घरात चूल पेटाक नव्हती चार दिवस. आजूबाजूक दोनशे माणसा फितूर फितूर म्हणान आराडत होती. मी पण आराडत होतंय. एक घोषणा तेंका, एक शबुद तुका. तीनदा बोललंय, लवू. आनि तू मान खाली घातलंस.”

 जे नाव ऐकायला लवू इथे चढला होता ते येऊन गेले होते आणि त्याला कळलेही नव्हते. त्याला ती गाडी आठवली. जाळीबाहेर आनंदा असणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून गाडी वळण्याआधीच त्याने डोके गुडघ्यांत घातले होते. गेट मागे पडून भोंगा होईपर्यंत त्याने आपल्या चपलांखेरीज काहीही बघितले नव्हते. ज्याच्यासाठी आनंदाची ती विनवणी होती आणि ज्याला ती समोरून वाचता आली असती तो एकच माणूस शरमेने खाली बघत बसला होता.

“मी बघूक नाय,” तो म्हणाला. “आनंदा, देवाशपथ. मी मान वर करूकच नाय. तुका तोंड कसा दाखवू म्हणान.”

आनंदा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला.

“मगे घराकडे येवन बोलाचा होता रे एकदा,” लवूचे ओठ आता आवरत नव्हते. “तीन दारा सोडून होतंय मी.”

“एकदा नाय म्हटलंस असा समाजलंय. दुसऱ्यांदा मागूक तोंड झाला नाय. आनि मगे लोक माका वाघ म्हणूक लागले.” आनंदा क्षणभर हसल्यासारखा झाला. त्या हसण्यात इतके दुःख होते की लवूला वाटले, तो तेवीस वर्षे बोलला नाही तेच बरे होते. “वाघ खंयचो, लवू? दार उघडला नाय म्हणान बाहेर रवलंय.”

ताशाने शेवटचा तुकडा घेतला आणि साठही ढोल एका ठोक्यात थांबले.

एकदम शांत झाले. जयवंत माईक घेऊन वर चढला. “मित्रांनो, ज्या गेटावर आमचे आनंदाकाका तावडे शेवटच्या दिवसापर्यंत उभे राहिले, झुकले नाहीत, विकले गेले नाहीत, त्याच गेटासमोर आज...” टाळ्या पडल्या. त्याने आनंदाच्या गळ्यात शाल घातली, माईक हातात दिला. खाली अगदी पुढे जाईबाई उभी होती. ठेवणीतले लुगडे, हातात ओवाळणीचे ताट, आणि चेहऱ्यावर असा अभिमान की बघणाऱ्याला भरून यावे. ज्या बाईच्या घरात चार दिवस चूल पेटली नव्हती तिला एवढेच मिळाले होते.

आनंदाने माईक तोंडाशी धरला.  आवाज फुटेना, पण ओठ हलले, आणि ते फक्त लवूने वाचले: मी पण जाणार होतो.

तो आता हे मोठ्याने बोलणार हे लवूला कळले. दोन पावले टाकून त्याने माईक काढून घेतला.

“ह्याला बोलायची सवय नाय,” तो म्हणाला. त्याचा मूळचा आवाज आणि वर माईक. पार नाक्यापर्यंत गेला. “मी सांगतो. मी लवू परब. ह्याच्या समोरच्या साच्यावर होतो. संपात मी फुटलो. ह्याच गेटातून पोलिसाच्या गाडीत बसून आत गेलो. आणि हा आनंदा तावडे, हा तिथे बाहेर उभा होता. मी आत जात होतो, हा बाहेर होता. शेवटपर्यंत बाहेर होता. ह्यातला एक शब्द खोटा नाय. मंडळाच्या पोरांना मी हे सांगितलं नाय, ती माझी चूक. ह्या गाडीवर उभं राहायचा मला हक्क नाय.”

कुणी हुर्यो केली नाही. तसे झाले असते तर सोपे गेले असते. लोक नुसते बघत राहिले, तरण्यांना नीटसे कळले नव्हते, आणि एक टोपीवाला म्हातारा पचकन थुंकून निघून गेला. जयवंतचा चेहरा पडला. “काका, हे आधी सांगायचं ना...” तो पुटपुटला. आनंदा पुढे झाला, त्याने माईकसाठी हात केला. लवूने माईक त्याला न देता जयवंतला दिला आणि आनंदाकडे तोंड करून, आवाज न काढता म्हणाला, “जाईकडे बघ. गप रव.”

मग तो उतरला. ट्रकची उंची बरीच होती, गुडघा दुखावला. हात द्यायला कुणी आले नाही. लक्ष्मी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने त्याच्या दंडाला धरले.  तिने त्याच्या खांद्यावरची फुले झटकली, जशी काही धूळच होती.

ढोल पुन्हा सुरू झाले. गाडी हलली.

“बोललो काय तो?” लक्ष्मीने त्याच्या कानाशी ओरडून विचारले.

लवूने होकाराची मान डोलावली. सांगायचे बरेच होते, पण जाईबाई चार हातांवर उभी होती, आणि साचेवाल्याच्या संसारात तीही थोडेफार ओठ वाचायला शिकली होती.

गाडीवर लवूचा साचा बंद पडला होता. धोटा मधेच अडकून राहिला होता आणि रस्त्यावरून ते फार वाईट दिसत होते. बाबुराव पुढच्या केबिनमधून डोके काढून ओरडत होते, “तावडे, तो राहू द्या! तुमचा एकच चालवा!” आनंदाला ते ऐकू गेले नसावे. त्याने शाल काढून कोपऱ्यात टाकली, टोपी मागे सारली आणि दोन साच्यांच्या मधल्या बोळात येऊन उभा राहिला.

साचाखात्यात एक रीत होती. शेजारचा माणूस पाण्याला किंवा विडीला बाहेर गेला तर त्याचा साचा बंद पडू द्यायचा नाही. आपले सोडून त्याचेही बघायचे, तो येईपर्यंत. त्यासाठी कुणी कुणाला सांगत नसे आणि कुणी कुणाचे आभार मानत नसे.

आनंदाने एका हातात आपली दोरी धरली, दुसऱ्या हातात लवूची. दोन्ही धोटे चालू झाले. गाडी परळच्या दिशेने जाऊ लागली, लोक फुले टाकत होते, जाईबाई ताट सांभाळत मागून चालली होती. लवू फुटपाथच्या कडेला उभा राहून शेवटपर्यंत मान वर करून बघत होता. आनंदाने एकदाही त्याच्याकडे बघितले नाही. दोन माणसांचे साचे एकट्याने चालवणाऱ्याला इकडेतिकडे बघायला सवड नसते.